वाय-फायचे तेरावे चॅनेल

बिनतारी जाळ्यात सामील होऊ शकणारा, आगपेटीएवढा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काहीशे रुपयांत मिळतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प, गच्चीवरच्या टाकीची पातळी सांगणारी यंत्रे, शीतगृहाचे तापमान नोंदवणारी उपकरणे, मोबाइलवरून दिवे-पंखे चालू-बंद करणाऱ्या पेट्या या सर्वांच्या पोटात असाच एखादा बोर्ड बसलेला असतो. कित्येक महिने विनातक्रार चालणारे हे उपकरण एखाद्या सकाळी अचानक मुके होते. रात्री वीज जाऊन आलेली असते, राऊटर पुन्हा सुरू झालेला असतो, घरातले सर्व मोबाइल आणि लॅपटॉप व्यवस्थित जोडले गेलेले असतात. बोर्ड मात्र 'असे नेटवर्क सापडत नाही' असेच उत्तर देत राहतो. मग पासवर्ड तपासला जातो, अँटेनावर संशय घेतला जातो, बोर्ड बनावट असल्याचे ठरवून दुकानदाराशी वादही घातला जातो. नवा बोर्ड आणला तरी तोही तेच उत्तर देतो. अशा प्रसंगी खरे कारण पुष्कळदा निराळेच निघते. राऊटरने आपले चॅनेल बदलून बारावे किंवा तेरावे घेतलेले असते आणि त्या चॅनेलवर बोलण्याची बोर्डाला मुभाच नसते.

ही मुभा तंत्रज्ञानाने नाकारलेली नसते. बोर्डावरची चिप तेराव्या चॅनेलवर सहज बोलू शकते, किंबहुना चौदाव्यावरही. तिला अडवलेले असते ते कायद्याने, आणि तोही बहुतेक वेळा भारताचा कायदा नसतो. जगातील कोणत्याही देशात नियमभंग होऊ नये म्हणून निर्मात्याने घेतलेली ती सावधगिरी असते. आपण कोणत्या देशात आहोत हे बोर्डाला कोणी सांगितलेलेच नसल्यामुळे तो सर्वांत कडक नियम पाळणाऱ्या देशात असल्यासारखा वागतो.

एक ते चौदा

वाय-फायचा मूळ पट्टा २४०० मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. १९४७ मध्ये अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय उपकरणांसाठी काही पट्टे राखून ठेवण्यात आले, त्यांतलाच हा एक. मायक्रोवेव्ह ओव्हन २४५० मेगाहर्ट्झवर चालतो तो याच कारणाने. दळणवळणाच्या दृष्टीने ही जागा जवळजवळ पडीक समजली जात होती. जेथे भट्ट्या आणि ओव्हन लहरी सोडतात तेथे संदेशवहन कोण करणार, असा विचार त्यामागे होता. १९८५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, या पडीक जमिनीवर विनापरवाना संदेशवहनाला परवानगी दिली आणि पुढच्या बारा वर्षांत, १९९७ मध्ये, वाय-फायचे पहिले मानक तयार झाले.

या पट्ट्याचे जे भाग पाडण्यात आले त्यांना चॅनेल म्हणतात. पहिल्या चॅनेलचा मध्य २४१२ मेगाहर्ट्झवर आहे, दुसऱ्याचा २४१७ वर, आणि याप्रमाणे पाच-पाचच्या अंतराने तेराव्याचा २४७२ वर. चौदावे चॅनेल या रांगेत बसत नाही. ते एकदम बारा मेगाहर्ट्झ उडी मारून २४८४ वर जाते. मध्यांमध्ये अंतर पाचचे असले तरी प्रत्येक चॅनेलची रुंदी वीस ते बावीस मेगाहर्ट्झ असते. त्यामुळे शेजारची चॅनेले एकमेकांवर चढलेली असतात आणि एकमेकांना धक्का न लावता नांदू शकणारी अशी १, ६ आणि ११ ही तीनच उरतात. चाळीतल्या सामाईक गॅलरीत तेरा खोल्यांचे क्रमांक रंगवलेले असावेत, पण खाटा तीनच मावाव्यात, तसा हा प्रकार आहे.

भांडण आहे ते पट्ट्याच्या वरच्या टोकाशी. बहुतेक देशांत विनापरवाना वापराची हद्द २४८३.५ मेगाहर्ट्झवर संपते. बावीस मेगाहर्ट्झ रुंदी धरली तर तेरावे चॅनेल २४८३ पर्यंत पोहोचते, म्हणजे कुंपणापासून अवघे अर्धे मेगाहर्ट्झ अलीकडे. कोणतेही प्रक्षेपक आपल्या हद्दीच्या काठावर सुरीने कापल्यासारखे थांबत नाही. त्याची थोडी लहर बाजूला सांडतेच. हे सांडणे किती चालेल यावर देशोदेशीचे नियम वेगळे होतात.

अमेरिकेत काय होते?

अमेरिकेत बारावे आणि तेरावे चॅनेल बेकायदा आहेत, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. ही दोन्ही चॅनेले २४८३.५ च्या आतच आहेत. मात्र त्या हद्दीच्या पलीकडचा २५०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा एफसीसीने 'निर्बंधित' ठरवला आहे आणि तेथे सांडणाऱ्या लहरींवर अत्यंत कडक मर्यादा घातली आहे: तीन मीटर अंतरावर मीटरमागे सरासरी ५०० मायक्रोव्होल्ट. हा पट्टा ग्लोबलस्टार या उपग्रह दूरध्वनी सेवेच्या वापरात आहे. २०२२ मध्ये आयफोन १४ सोबत अ‍ॅपलने संकटकाळी उपग्रहामार्फत मदत मागण्याची जी सोय दिली, ती याच ग्लोबलस्टारच्या उपग्रहांवर चालते. डोंगरात अडकलेल्या माणसाच्या हातातील फोन आकाशातून येणारा क्षीण प्रतिसाद ऐकत असताना शेजारच्या राऊटरची सांडलेली लहर त्यात मिसळू नये, ही अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल.

ही मर्यादा पाळून बाराव्या-तेराव्या चॅनेलवर बोलायचे तर शक्ती कमी करावी लागते आणि प्रत्येक चॅनेलची वेगळी चाचणी करून घ्यावी लागते. हा खटाटोप टाळण्यासाठी निर्मात्यांनी सोपा मार्ग पत्करला: अमेरिकेत जाणाऱ्या मालात अकरापर्यंतच चॅनेले द्यायची. पुढे कुतूहलाची गोष्ट अशी झाली, की बाजारपेठेच्या आकारामुळे एका देशातील निर्मात्यांची ही सोय जगाची 'सुरक्षित मर्यादा' होऊन बसली.

युरोपात एक ते तेरा ही सर्व चॅनेले खुली आहेत, पण प्रक्षेपणाची शक्ती १०० मिलिवॅटवर रोखलेली आहे. हे एकमतही आपोआप आलेले नाही. वाय-फायच्या १९९९ च्या मानकातील तक्त्यात स्पेनला फक्त १० व ११ ही चॅनेले होती, तर फ्रान्सला १० ते १३. तेथील पट्ट्याचा बाकीचा भाग इतरांच्या ताब्यात होता आणि तो मोकळा होण्यास काही वर्षे जावी लागली. जपानची कथा याच्या नेमकी उलटी. तेथे आरंभी चौदावे हे एकच चॅनेल वाय-फायला मिळाले होते. १ ते १३ नंतर खुली झाली. आजही जपानमध्ये चौदावे चॅनेल वापरता येते, पण केवळ जुन्या 'बी' प्रकारच्या संथ प्रक्षेपणासाठी. म्हणजे ज्या चॅनेलवर जगभर बंदी, तेच एका देशात वाय-फायचे पहिले घर होते.

भारताचा नियम

भारतात रेडिओलहरींवरचे नियंत्रण दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडे आहे. १९३३ च्या बिनतारी तारयंत्र कायद्याने बिनतारी उपकरण नुसते जवळ बाळगण्यासही परवाना लागत असे; वाय-फायसारख्या घराघरात जाणाऱ्या तंत्राला असा कायदा झेपणारा नव्हता. २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करण्यात आला. मर्यादा बऱ्यापैकी उदार आहे: अँटेनाचा परिणाम धरून चार वॅट. मायक्रोकंट्रोलर बोर्डावरची चिप जास्तीत जास्त १०० मिलिवॅटच्या आसपास, म्हणजे या मर्यादेच्या चाळिसाव्या हिश्शाइतकी शक्ती वापरते.

तेव्हा भारतात तेरावे चॅनेल पूर्णपणे वैध आहे आणि चौदावे नाही, एवढे स्पष्ट आहे. या परवानामुक्तीला एक अट मात्र जोडलेली आहे, तिच्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. वापर सामाईक राहील, दुसऱ्या अधिकृत सेवेला त्रास देता येणार नाही आणि दुसऱ्याकडून होणाऱ्या त्रासापासून संरक्षणही मागता येणार नाही. शेजाऱ्याच्या राऊटरमुळे आपले यंत्र बंद पडले तर त्याची दाद कोठेही लागत नाही. वाय-फाय असलेला माल आयात करून विकणाऱ्याला 'इक्विपमेंट टाइप अ‍ॅप्रूव्हल' ही मान्यता घ्यावी लागते. हौसेने एखादा बोर्ड वापरणाऱ्याला अशा कागदपत्रांची झळ लागत नाही, आणि म्हणूनच नियमांचे अस्तित्वही त्याच्या ध्यानात येत नाही.

बोर्डाला देश कसा कळतो

मोबाइल फोनला आपण कोठे आहोत हे विचारावे लागत नाही. मोबाइल कंपनीचा मनोरा आपल्या ओळखीसोबत देशाचा क्रमांकही सतत प्रसारित करत असतो; भारतासाठी ४०४ व ४०५ हे क्रमांक आहेत. तो ऐकला की फोन भारताचे नियम लावतो आणि तेरावे चॅनेल त्याला उघडे होते. 'फोनला दिसते, बोर्डाला का दिसत नाही' या तक्रारीचे उत्तर येथे आहे. बोर्डात ना सिमकार्ड, ना जीपीएस. शांघायच्या कारखान्यातून निघालेला तोच बोर्ड बोस्टनला जाईल, बर्लिनला जाईल किंवा बारामतीला. त्याच्या दृष्टीने तिन्ही सारखेच.

या अडचणीवर २००१ मध्ये एक तोडगा निघाला. मानकातील 'डी' या पुरवणीनुसार राऊटरने आपल्या नियमित घोषणेत देशाची दोन अक्षरे, चालणाऱ्या चॅनेलांची यादी आणि शक्तीची मर्यादा सांगावी, आणि जवळ आलेल्या उपकरणाने ती मानावी, अशी योजना आहे. योजना चांगली आहे, पण तिच्यात एक गोम आहे. राऊटरची घोषणा ऐकायची तर आधी तो ज्या चॅनेलवर आहे तेथे कान लावावा लागतो. ज्या चॅनेलची परवानगी मिळायची आहे, ती परवानगी त्याच चॅनेलवर लावलेली असते!

म्हणून उपकरणे दोन पद्धतींनी शोध घेतात. पहिल्या पद्धतीत उपकरण स्वतः 'कोणी आहे का' अशी हाक मारते आणि उत्तराची वाट पाहते. हे झटपट होते, पण हाक मारणे म्हणजेच प्रक्षेपण करणे, आणि जेथे प्रक्षेपणाचा अधिकार निश्चित नाही तेथे ते करता येत नाही. दुसऱ्या पद्धतीत उपकरण गप्प बसून फक्त ऐकते. राऊटर साधारणपणे दर १०२ मिलिसेकंदांनी आपली घोषणा करतो, तेव्हा थोडा धीर धरला तर ती कानी पडते. ऐकायला कोणत्याही देशात बंदी नाही. चांगल्या रीतीने लिहिलेली प्रणाली निश्चित चॅनेलांवर हाक मारते आणि संशयास्पद चॅनेलांवर नुसती ऐकते.

एस्प्रेसिफ या शांघायच्या कंपनीची २०१६ साली आलेली ईएसपी३२ ही चिप हौशी आणि व्यावसायिक अशा दोन्ही वर्तुळांत फार लोकप्रिय आहे. तिची प्रणाली याच मार्गाने जाते. तिच्या जुन्या आवृत्त्यांत मूळ देश चीन आणि चॅनेले १ ते १३ असे गृहीत धरलेले असे. पाचव्या आवृत्तीपासून देशाच्या जागी '०१' हा संकेत आला. याचा अर्थ 'जगात कोठेही सुरक्षित', आणि त्यात चॅनेले १ ते ११. या अवस्थेत चिप पहिल्या अकरा चॅनेलांवर हाक मारते आणि १२ ते १४ वर फक्त ऐकते. तेराव्यावरचा राऊटर सापडला आणि जोडणी झाली, की त्या राऊटरने सांगितलेल्या देशाचे नियम ती उचलते. जोडणी तुटली की पुन्हा मूळ पदावर येते.

मग अडते कोठे? तीन ठिकाणी. हाक मारण्यास प्रत्येक चॅनेलवर जास्तीत जास्त १२० मिलिसेकंद लागतात, तर ऐकण्यासाठी ३६० ठेवलेले असतात. विजेरीवर चालणाऱ्या यंत्रात वीज वाचवण्यासाठी प्रोग्राम लिहिणारा ही मुदत कापतो आणि नेमकी त्यात राऊटरची घोषणा निसटते. यंत्र दहांतून सात वेळा जोडले जाते आणि तीन वेळा नाही, असा चमत्कारिक प्रकार घडतो, ज्याचा छडा लावणे पूर्ण बंद पडलेल्या यंत्रापेक्षा अवघड असते. दुसरे, पुष्कळजण सुरक्षिततेच्या कल्पनेने राऊटरचे नाव लपवून ठेवतात. लपवलेले नाव घोषणेत नसते. ते नाव घेऊन हाक मारली तरच राऊटर ओ देतो. नुसते ऐकणाऱ्या बोर्डाला असा राऊटर कधीही सापडणार नाही. (नाव लपवल्याने सुरक्षितता फारशी वाढत नाही, ही गोष्ट वेगळी.) तिसरी अडचण बोर्ड स्वतःच छोटा राऊटर होऊन बसतो तेव्हाची. प्रथम मांडणी करताना अनेक उपकरणे स्वतःचे नेटवर्क उभारतात. '०१' या संकेतात तेराव्या चॅनेलवर असे नेटवर्क उभारता येत नाही. जुन्या आवृत्तीत चालणारा प्रोग्राम नव्या आवृत्तीवर नेल्यावर याच कारणाने नकार देतो आणि लिहिणारा आपल्या प्रोग्रामातली चूक शोधत बसतो.

रास्पबेरी पायच्या पिको डब्ल्यू या बोर्डाची रीत थोडी वेगळी आहे. जून २०२२ मध्ये सहा डॉलरला आलेल्या या बोर्डावर वाय-फायचे काम करणारी चिप इन्फिनिऑन कंपनीची आहे आणि तिच्यासोबत कोणत्या देशात कोणते चॅनेल किती शक्तीने चालेल याचा तक्ताच बांधून दिलेला असतो. देश सांगितला नाही तर बोर्ड 'जागतिक' गटाचे नियम लावतो आणि काही चॅनेले उपलब्ध राहणार नाहीत, असे त्याच्या माहितीपुस्तिकेत स्वच्छ लिहिलेले आहे. पुस्तिका कोण वाचतो, हा प्रश्न अर्थातच उरतो. याच घराण्यातील मोठ्या संगणकांनी, २०१८ च्या थ्री बी प्लसपासून, आणखी कडक धोरण स्वीकारले: देश निवडल्याखेरीज वाय-फाय सुरूच होत नाही आणि पडद्यावर तशी सूचना येते. वापरणाऱ्याला क्षणभर त्रास होतो खरा, पण कारण लगेच कळते. मुकाट्याने दोन चॅनेले काढून घेण्यापेक्षा हा रोखठोक नकार अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे.

दोन अक्षरांची किंमत

ज्याला यातले मर्म कळते त्याला लगेच एक युक्ती सुचते. देशाचा संकेत प्रोग्राममधील एका ओळीत बदलता येत असेल, तर जपानचा संकेत देऊन चौदावे चॅनेल का उघडू नये? शेजारीपाजारी कोणीही नसलेली, पूर्ण रिकामी जागा मिळेल. अशा सूचना हौशी मंडळींत अधूनमधून ऐकू येतात, आणि त्या भारतात विशेष घातक आहेत.

कारण चौदावे चॅनेल साधारण २४७३ ते २४९५ मेगाहर्ट्झ एवढी जागा व्यापते. इस्रोच्या 'नाविक' या भारतीय दिशादर्शन प्रणालीचे उपग्रह दोन मूळ कंप्रतांवर संदेश पाठवतात. त्यांतली एक ११७६.४५ मेगाहर्ट्झ आणि दुसरी २४९२.०२८ मेगाहर्ट्झ. ही दुसरी चौदाव्या चॅनेलच्या पोटात येते. या मालिकेतला पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला. सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवरून येणारा त्यांचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो, की एका वॅटचे कोटी कोटी भाग केले तरी त्यातला एक भाग त्याहून मोठाच भरेल. त्याच्या शेजारी १०० मिलिवॅटचा बोर्ड म्हणजे कुजबुज चाललेल्या खोलीत वाजणारा ढोल होय. टाकीतल्या पाण्याची पातळी कळवण्यासाठी कोणी असा ढोल वाजवू नये, एवढे तारतम्य अपेक्षित आहे.

देशाच्या संकेताशी खेळण्याची किंमत मोठ्या कंपनीलाही मोजावी लागली आहे. टीपी-लिंक या कंपनीच्या काही राऊटरांत वापरणाऱ्याला देश बदलता येत असे आणि तसे केल्यास अमेरिकेत काही चॅनेलांवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शक्तीने प्रक्षेपण होत असे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये एफसीसीने कंपनीकडून दोन लाख डॉलर वसूल केले. त्याच समझोत्यात आणखी एक कलम होते, त्याची चर्चा कमी झाली. आपल्या राऊटरांवर त्रयस्थांनी लिहिलेली मुक्त प्रणाली चालवता यावी यासाठी प्रयत्न करण्याचे कंपनीने मान्य केले. लहरींवर बंधन हवे, पण त्या निमित्ताने सगळे यंत्रच कुलूपबंद होऊ नये, असा हा समतोल होता.

मायक्रोकंट्रोलर बोर्डांच्या बाबतीत हा समतोल अधिकच नाजूक आहे. राऊटरची प्रणाली कंपनी लिहिते. बोर्डाचा प्रोग्राम वापरणारा स्वतः लिहितो. चिपवरच्या पत्र्याच्या झाकणावर छापलेले मान्यतेचे क्रमांक पाहून सर्व काही नियमात असल्याचा समज होतो, पण ही मान्यता ठरावीक अँटेना आणि ठरावीक मर्यादा यांच्यासह दिलेली असते. मोठी अँटेना लावली किंवा दुसऱ्या देशाचा संकेत लिहिला, की मान्यता कागदावर राहते आणि जबाबदारी लिहिणाऱ्याकडे येते. महाविद्यालयांतून बोर्डांचे प्रशिक्षण देताना दिवा कसा लुकलुकवायचा हे पहिल्या तासाला शिकवले जाते. देशाचा संकेत शेवटच्या तासालाही क्वचितच येतो.

फ्लॅटमधील गर्दी

बारावे-तेरावे चॅनेल हा प्रश्न शहरांतच अधिक जाणवतो, याला कारण आहे. सात मजली इमारतीत प्रत्येक घरी एक राऊटर धरला तरी एका खोलीतून पंधरा-वीस नेटवर्के सहज दिसतात. बहुतेक १, ६ आणि ११ वर दाटीवाटीने बसलेली. 'स्वयंचलित' निवडीवर ठेवलेला राऊटर सुरू होताना आसपास पाहतो आणि तुलनेने मोकळे म्हणून बारावे किंवा तेरावे पकडतो. वीज गेल्यानंतर बोर्ड बंद पडण्याचे गूढ एवढ्यावर उलगडते.

ही मोकळी जागाही बऱ्याच अंशी दिसण्यापुरतीच. अकरावे चॅनेल २४५२ ते २४७२ आणि तेरावे २४६२ ते २४८२ मेगाहर्ट्झ व्यापते. म्हणजे निम्मा भाग सामाईक. एकाच चॅनेलवरची दोन उपकरणे एकमेकांचे बोलणे ओळखतात आणि आळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलांवर मात्र दुसऱ्याचे बोलणे समजत नाही, तो नुसता गोंगाट ठरतो. म्हणून शेजारी अकरावर असताना आपण तेरावर जाण्यात नेहमीच फायदा असतो असे नाही. कित्येकदा अकरावर जाऊन रांगेत उभे राहणे श्रेयस्कर ठरते.

ज्या घरात किंवा कारखान्यात असे बोर्ड बसवलेले आहेत, तेथे राऊटरमधील स्वयंचलित निवड बंद करून १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचे चॅनेल कायम करून टाकणे हा सर्वांत निर्धोक उपाय आहे. चॅनेलची रुंदी चाळीसऐवजी वीस मेगाहर्ट्झ ठेवावी. फोन-लॅपटॉपना याने सहसा फारसा फरक पडत नाही. राऊटर आपल्या ताब्यात नसेल, उदाहरणार्थ वसतिगृहात किंवा कार्यालयात, तर बोर्डाच्या प्रोग्राममध्ये वाय-फाय सुरू करण्यापूर्वी भारताचा संकेत, म्हणजे 'आय' आणि 'एन' ही दोन इंग्रजी अक्षरे, लिहावीत. पिको डब्ल्यूवर हे वाय-फाय चालू करण्याच्या आधी करावे लागते. नंतर केल्यास उपयोग होत नाही. ईएसपी३२ वर संकेत देण्याच्या आज्ञेत आणखी एक पर्याय असतो: राऊटरने सांगितलेला देश मानायचा की नाही. उपकरण एकाच जागी राहणार असेल तर 'नाही' म्हणायला हरकत नाही. मग तेरापर्यंतच्या सर्व चॅनेलांवर बोर्ड स्वतः हाक मारतो आणि नाव लपवलेला राऊटरही सापडतो. पण हेच यंत्र पुण्यात तयार करून न्यू जर्सीतल्या मुलाकडे पाठवायचे असेल, तर हा पर्याय 'होय' ठेवणेच योग्य. नाही तर अमेरिकेत ते भारताच्या नियमांनी बोलत राहील.

पाच गिगाहर्ट्झचा उंबरठा

अनेक वर्षे या बोर्डांचा संबंध फक्त २.४ गिगाहर्ट्झशी होता आणि त्यामुळे वाद दोन-तीन चॅनेलांपुरता राहिला. आता ते क्षेत्र वाढले आहे. २०२५ मध्ये बाजारात येऊ लागलेली ईएसपी३२-सी५ ही चिप पाच गिगाहर्ट्झवरही चालते. भारतात २००५ च्या नियमांनी या पट्ट्याचा काही भाग केवळ घरात वापरण्यासाठी दिला होता. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ असा एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरही परवानामुक्त झाला.

येथे शेजारी आहेत ती रडारे. पावसाचा वेध घेणारी सी-बँड प्रकारची डॉप्लर रडारे ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात. मुंबईत अंधेरीच्या वेरावली भागात हवामान खात्याचे २०२२ मध्ये सुरू झालेले रडार याच जातीचे. अमेरिका आणि युरोपात या भागातील चॅनेल वापरण्यापूर्वी राऊटरने किमान एक मिनिट शांत राहून रडारचा कानोसा घ्यावा लागतो. युरोपात ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झ या हवामान रडारांच्या भागात ही मुदत दहा मिनिटांची आहे, आणि मधेच रडारचा स्पंद ऐकू आला तर राऊटरला ते चॅनेल सोडून जावे लागते. रडार ओळखण्याची ही क्षमता नसलेल्या छोट्या बोर्डाने तेथे स्वतः नेटवर्क उभारायचे नसते आणि पहिली हाकही मारायची नसते. राऊटरची घोषणा कानी येईपर्यंत ऐकत राहायचे आणि तो दुसऱ्या चॅनेलवर सरकला की त्याच्या मागोमाग सरकायचे, एवढेच त्याच्या हाती उरते. २.४ गिगाहर्ट्झवर बाराव्या-तेराव्या चॅनेलपुरती असलेली ही अट पाच गिगाहर्ट्झवर ५२ ते १४४ या क्रमांकांच्या चॅनेलांना लागू होते.